शब्दाआधीची दोन अक्षरं

प्रहार, आहार, विहार, संहार. उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो, हे आपण शाळेत शिकलो. इंग्रजीतही तसंच आहे. ‘राइट’ म्हणजे लिहिणं, ‘रीराइट’ म्हणजे पुन्हा लिहिणं. ‘हॅपी’ म्हणजे आनंदी, ‘अनहॅपी’ म्हणजे दुःखी.

‘इन’ हा उपसर्ग मात्र जपून वाचायला हवा. तो बहुधा नकार दाखवतो आणि पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो: इनकरेक्ट, इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. पण पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ‘न पेटणारं’ असा नाही. तिथला ‘इन’ लॅटिनमधल्या ‘आत’ या अर्थाचा आहे. म्हणजे चटकन पेट घेणारं, ज्वालाग्राही! हा गोंधळ जिवावर बेतू शकतो, म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. दोन्हींचा अर्थ एकच. न पेटणारं ते ‘नॉनफ्लेमेबल’.

दवाखान्यातही अशीच एक जोडी भेटते. ग्रीकमधून आलेला ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी. ‘हायपरटेन्शन’ म्हणजे उच्च रक्तदाब, ‘हायपोटेन्शन’ म्हणजे कमी रक्तदाब. ऐकायला सारखे, पण उपचार अगदी वेगळे. तेव्हा रिपोर्ट हातात आला की शब्दाची सुरुवात नीट वाचा आणि शंका आली तर डॉक्टरांना जरूर विचारा.