हौशी लेखकाची वही



साहित्याच्या चर्चेत ज्याचे नाव सहसा निघत नाही, अशा एका व्यक्तीविषयी आज बोलावयाचे आहे. ती व्यक्ती म्हणजे हौशी लेखक. लेखन हा त्याचा व्यवसाय नव्हे. दिवसा तो शाळेत शिकवितो, पतपेढीत खतावण्या तपासतो, नाहीतर शेतात राबतो. रात्री घरातील जेवणे आटोपली, दूरचित्रवाणी संच बंद झाला, की स्वयंपाकघरातील दिव्याखाली तो वही उघडतो. लिहिणारी गृहिणी असेल, तर तिला तेवढाही निवांतपणा नाही. किराण्याच्या हिशेबाच्या वहीची मागची पाने हेच तिचे साहित्यसदन! भाजी फोडणीला टाकून ती दोन ओळी लिहिते आणि दार वाजताच वही मिटते.

‘यातून मिळते काय?’ हा प्रश्न त्याला घरातच प्रथम ऐकावा लागतो. विचारणारे दुष्ट नसतात. मुलांची फी, आईचे औषध, गळणारे छप्पर, हे सारे त्यांना समोर दिसत असते आणि प्रश्नाचे रुपयांत देता येईल असे उत्तर लेखकापाशी नसते. मग तो लपवून लिहू लागतो. एके काळी कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहिलेला लेख पोस्टाची तिकिटे लावलेल्या परतीच्या पाकिटासह पाठविला जाई आणि महिन्या-दोन महिन्यांनी ‘साभार परत’ येई. आज मजकूर मोबाइलवरून क्षणात पोहोचतो. उत्तर मात्र बहुधा येतच नाही. साभार परतीमध्ये निदान कोणीतरी पाकीट फोडल्याची खूण तरी असे! काही जण कंटाळून निवृत्तीच्या पैशातून पुस्तक काढतात. प्रकाशन समारंभ होतो, छायाचित्र निघते आणि उरलेल्या प्रती पलंगाखाली जातात. पुढे लग्नामुंजीत आहेर म्हणून त्या वाटल्या जातात.

परंतु या अडचणी बाहेरच्या आहेत. खरी अडचण आतली आहे. पारावर बसून विहिरीच्या खोदकामाची हकीकत सांगताना ज्याच्याभोवती माणसे जमतात, तोच गृहस्थ लेखणी हाती घेताच ‘सहस्ररश्मी अस्ताचलाकडे कलला होता’ असे काहीतरी लिहू लागतो. सुरुंग कसा भरला, पाणी किती हातांवर लागले, त्या वेळी कोण रडले, हे सारे राहून जाते. आपले साधे बोलणे कागदाच्या योग्यतेचे नाही, असे त्याला वाटते. आपण जे पाहिले ते फार किरकोळ आहे, असेही वाटते. हा संकोच कित्येक वह्या कोऱ्या ठेवतो.

या संदर्भात रायगड जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ते साहित्यिक नव्हते. भिक्षुकी करणारे, कर्जाने गांजलेले ब्राह्मण होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा चांगली मिळेल, असे समजले, तेव्हा १८५७ साली ते काकांसह उत्तरेकडे पायी निघाले. वाटेत महूजवळ बंडाची वार्ता लागली आणि पैसे मिळवावयास निघालेला हा भिक्षुक इतिहासाच्या वावटळीत सापडला. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरात होते. शहर पडले, लूट झाली, कत्तल झाली, ती त्यांनी पाहिली. मिळविलेली दक्षिणा गेली. पुढे काशी, अयोध्या अशी वणवण करीत गंगोदक घेऊन ते वरसईस परतले.

सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली. त्यांनी काय लिहिले? सेनापतींचे डावपेच त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी भिक्षुकाला जे दिसते ते लिहिले: कोठे किती दक्षिणा मिळाली, जेवणात काय होते, राणीसाहेबांचा दिनक्रम कसा होता, वेढ्यात लोकांचे हाल कसे झाले. झाशी सोडल्यावर काळपीच्या बाजूस एका विहिरीवर त्यांची राणीशी अकस्मात गाठ पडली. धुळीने माखलेली, पुरुषी वेषातील राणी तहानलेली होती. भटजी पाणी काढून देऊ लागले, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी ते करू नये म्हणून तिने स्वतःच पाणी काढले आणि ओंजळीने प्यायली. हा प्रसंग कोणत्या इंग्रज अधिकाऱ्याच्या टाचणात सापडणार? तो दिसण्यासाठी हातात मडके घेऊन विहिरीवर आलेला भिक्षुकच तेथे असावा लागतो.

या लेखनाचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजी राज्यात बंडाची अशी हकीकत छापणे जोखमीचे होते. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक वैद्यांनी प्रसिद्ध केले ते १९०७ साली. तोपर्यंत भटजी निवर्तले होते. शिवाय छापताना वैद्यांनी मजकुरात पुष्कळ फेरफार केले. त्यांचा हेतू शुद्ध होता, आणि त्यांनी छापले नसते तर कदाचित काहीच उरले नसते. तथापि भटजींची भाषा आणि काही तपशील त्यात गेला, हे खरेच. सुदैवाने मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले आणि दत्तो वामन पोतदार यांनी ते १९६६ साली संपादून प्रसिद्ध केले. म्हणजे भटजींचे स्वतःचे शब्द वाचकांपर्यंत पोहोचावयास ऐंशीहून अधिक वर्षे लागली. आता त्यांची इंग्रजी भाषांतरेही झाली आहेत. वरसईच्या भटजींना याची कल्पनाही नसेल.

बहिणाबाई चौधरी यांना तर लिहिताच येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, त्या पुस्तकरूपाने आल्या. टिपून घेणारा हात घरात नसता तर?

वस्तुतः आजही अशा हकीकती घराघरांत आहेत, आणि त्यांना मुदत आहे. १९६१ साली पानशेतच्या पुरात पुणे बुडताना पाहिलेले, १९६७ चा कोयनेचा भूकंप अंगावर घेतलेले लोक आता थोडे उरले आहेत. १९७२ च्या दुष्काळात जे विशीत होते, ते आज सत्तरी ओलांडून गेले. कामे किती निघाली, धान्य किती वाटले, हे सरकारी दप्तरात मिळेल. खडी फोडून हाताला पडलेले घट्टे, लाल मिलोच्या भाकरीची चव, सुकडीसाठी रांगेत उभी राहिलेली पोरे, दावणीचे बैल सोडून देताना बापाने फिरविलेली पाठ, हे दप्तरात नाही. त्यांच्यापैकी कोणी रात्री वही घेऊन बसत असेल, तर घरच्यांनी त्यांना अर्धा तास मोकळा द्यावा. लिहिलेले शुद्ध करून देण्याची घाई नातवंडांनी करू नये. छापण्यासाठी वेगळी प्रत करावी, तिच्यात हव्या त्या दुरुस्त्या कराव्यात. मूळ वहीवर मात्र गावाचे नाव व तारीख घालून ती तशीच ठेवावी.