दुसऱ्या जीवनाची ओढ आणि हेतूचे परीक्षण



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा ग्रहण केल्या आहेत. दीक्षेच्या दिवशी मन भरून येते. परंतु घरी परतल्यावर एक प्रश्न दारात उभा असतो. शेजारी विचारतात, सोयरे विचारतात, आणि ते गप्प बसले तरी आपलेच मन विचारते : हे तुम्ही कशासाठी केले? जुने जीवन नकोसे होणे सोपे आहे. नवे जीवन नेमके कशासाठी हवे, हे स्वतःला विचारणे कठीण आहे.

प्रथम आक्षेपकांचा समाचार घेऊ. धर्मांतर रागाच्या भरात किंवा लाभासाठी होते, असे म्हणणारे पूर्वीही होते व आजही आहेत. इतिहास काय सांगतो? बाबासाहेबांनी हिंदुधर्म सोडण्याचा निश्चय येवले येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी जाहीर केला आणि नागपूर येथे दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधल्या काळात त्यांनी धर्मांतराची बाजू मुंबईच्या १९३६ च्या परिषदेत लोकांपुढे सविस्तर मांडली; १९५० साली ते सिलोनला व १९५४ साली ब्रह्मदेशाला बौद्ध परिषदांसाठी गेले. क्षणिक संताप एकवीस वर्षे टिकत नाही.

लाभाचे म्हणाल, तर राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात अनुसूचित जातींमध्ये बौद्धांना स्थान नव्हते. ती दुरुस्ती १९९० साली झाली. म्हणजे ज्यांनी कागदोपत्री आपला धर्म बौद्ध असा लिहिला, त्यांच्या मुलांना मध्यंतरी केंद्राच्या सवलतींना मुकावे लागले. गावकीची हीन कामे ज्यांनी सोडली, त्यांचे बलुतेही बुडाले. तरीही १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे १ लाख ८० हजार असलेले बौद्ध १९६१ साली सुमारे ३२ लाख ५० हजार झाले. याला लोभ म्हणणे हा सत्याचा विपर्यास आहे.

परंतु आपल्या वाडवडिलांचा हेतू शुद्ध होता, एवढ्यावरून आपला हेतू शुद्ध ठरत नाही. तो ज्याने त्याने तपासला पाहिजे.

भगवान बुद्धांनी पहिल्याच प्रवचनात तृष्णेचे तीन प्रकार सांगितले. उपभोगाची हाव ती कामतृष्णा, आणखी कोणीतरी होण्याची हाव ती भवतृष्णा, आणि आपण जे आहोत ते नाहीसे व्हावे अशी हाव ती विभवतृष्णा. हे शब्द जुने असले तरी रोग आपल्या घरातले आहेत. शिकून शहरात गेलेला मुलगा वस्तीतल्या चुलत्याला ओळख देत नाही, तेव्हा त्याला समता नको असते. स्वतःचा भूतकाळ पुसून हवा असतो. दीक्षा घेतलेले घर मातंग किंवा चर्मकार शेजाऱ्याकडे खालच्या नजरेने पाहते, तेव्हा त्याला जातीची उतरंड मोडायची नसते. तिच्यात वरची जागा हवी असते. येथे विवेकही हवा. आडनावामुळे ज्याला भाड्याची खोली नाकारली जाते, त्याने आडनाव बदलले तर दोष नाकारणाऱ्याचा आहे. आडनाव बदलणे वेगळे आणि माणसे टाकणे वेगळे.

मग दुसऱ्या जीवनाची इच्छाच सोडावी काय? मुळीच नाही. सिद्धार्थानेही गृहत्याग केला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेल्या वादात दाखविले आहे. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला व त्याचे परिणाम स्वतः सोसले. ती पळवाट नव्हती. गुलामाने आहे त्यात समाधान मानावे, असे धम्म सांगत नाही. इच्छेच्या पोटात काय दडले आहे ते पाहा, असे सांगतो.

ते कसे पाहावे? राहुलाला उपदेश करताना भगवंतांनी आरशाचा दृष्टान्त दिला. कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे की, त्याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते काय. हा आरसा प्रत्येक कुटुंबाने पौर्णिमेच्या दिवशी एकत्र बसून आपल्यापुढे धरावा. देव्हारा उतरविला, पण सोयरीक जुळविताना पोटजात विचारतो काय? मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढतो, तसे मुलीसाठी काढतो काय? नव्या जीवनात सुनेच्या कामाचा भार हलका झाला काय, की केवळ भिंतीवरची तसबीर बदलली?

उत्तर लाजविणारे आले तर खचून जाऊ नका. संघात आलेल्या नंदाचे मनही आरंभी एका शाक्य तरुणीकडे ओढ घेत होते. साधनेने ते पालटले. मिश्र हेतूने उचललेले पाऊलसुद्धा योग्य वाटेवर आणता येते, मात्र हेतू झाकून ठेवता कामा नये.

म्हणून पुन्हा कोणी विचारले की, हे तुम्ही कशासाठी केले, तर वादाला बसू नका. त्याला घरी बोलवा, आपल्या पंक्तीला बसवा आणि आपले घर पाहू द्या. घरातील वागणुकीने जे उत्तर मिळेल, तेच खरे.

नमो बुद्धाय. जय भीम.