खेळण्याच्या पोटाखालचं नाव

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आदरणीय सर आणि बाई, आणि समोर बसलेल्या, केस काळे करून आलेल्या आणि न करता आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला बजावलं आहे, ‘दहा मिनिटं बोल, पण ऑफिसबद्दल एक शब्दही नको.’ त्यामुळे मी माझ्या कपाटाबद्दल बोलणार आहे. त्या कपाटात प्लास्टिकची त्रेसष्ट अवकाशयानं आहेत. सगळी खेळण्यातली, सगळी जुनी, १९६० ते १९८० च्या आसपासची. घरात या संग्रहाला ‘भंगार’ म्हणतात, हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते.

सुरुवात झाली २००९ साली. कंपनीने मला इंग्लंडमध्ये लेस्टरला पाठवलं होतं. तिकडे रविवारी सकाळी लोक मोकळ्या मैदानात गाड्या लावतात आणि डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकतात. तिथे एका आजींकडून मी पन्नास पेन्सला एक नारिंगी यान घेतलं. एक पंख मोडलेला. पोटाखाली ‘मेड इन हाँगकाँग’ आणि एक आकडा. बस्स. कंपनीचं नाव नाही. प्रोग्रॅममध्ये कोणीतरी नाव न लिहिता कोड टाकून गेला की मला झोप येत नाही, तसंच या यानाचं झालं. हे बनवलं कोणी?

शोधायला लागल्यावर कळलं की खेळण्याच्या खोक्यावरचं नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं, बनवणाऱ्याचं नसतं. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘थंडरबर्ड्स’ ही बाहुल्यांची अवकाशमालिका फार गाजली. तिची खेळणी विकली ब्रिटिश कंपन्यांनी, पण त्यातली कितीतरी घडली हाँगकाँगच्या कारखान्यांत. त्याच मंडळींनी १९६७ मध्ये ‘प्रोजेक्ट स्वॉर्ड’ नावाची यानांची मालिका बाजारात आणली. तीही हाँगकाँगचीच. तिथल्या जुन्या खेळण्यांवर कधी ‘एम्पायर मेड’ एवढेच शब्द असतात. म्हणजे साम्राज्याचं नाव आहे, कारखान्याचं नाही! पुढे १९७२ पर्यंत हाँगकाँग जगातला सर्वांत मोठा खेळणी-निर्यातदार झाला. रंगकाम आणि जोडणी कितीदा घराघरांत, बायकामुलांच्या हातून होत असे. त्यांची नावं तर कुठेच नाहीत.

आपल्या ओळखीचं उदाहरण ‘स्टार वॉर्स’चं. सिनेमा मे १९७७ मध्ये आला आणि इतका चालला की अमेरिकेतल्या केनर कंपनीला नाताळापर्यंत बाहुल्या तयार करता येईनात. मग त्यांनी चक्क रिकामं पाकीट विकलं. आत एक कुपन, ते पाठवा, बाहुल्या पुढच्या वर्षी घरपोच येतील. ब्रिटनमध्ये हीच खेळणी विकायची पॅलिटॉय ही कंपनी, लेस्टरजवळच्या कोलव्हिलची. मी राहत होते तिथून अर्ध्या तासावर. आणि साचे देशोदेशी फिरतात, याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे फनस्कूल. १९८७ मध्ये एमआरएफ आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रोने मिळून काढलेली कंपनी, गोव्यात कारखाना. तिथे घडलेले ‘जी. आय. जो’चे सैनिक आज परदेशातले संग्राहक शोधत असतात, कारण साचा तिकडचा असला तरी रंगसंगती वेगळीच!

एवढं वाचूनही माझं नारिंगी यान मुकंच होतं. २०१० मध्ये सुट्टीवर ठाण्याला आले तेव्हा ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. बाबांनी उचललं. वरून बघितलंच नाही, सरळ उलटं केलं. चष्मा वर सरकवून म्हणाले, “चार कॅव्हिटीचा डाय असणार. चार नसतील तर तीन तरी. हा तिसरा नग.”

“कशावरून?”

“हा बारीक तीन बघ. खराब माल आला तर कुठल्या खणातला ते कळायला लागतं ना.”

मग अंगठा फिरवत म्हणाले, “इथे नाव होतं. नंतर काढलंय.”

मला नुसता गुळगुळीत भाग दिसत होता. त्यांनी खिडकीपाशी नेऊन यान तिरकं धरलं, तेव्हा केसाएवढ्या रेषेचा एक चौकोन दिसला. खेळण्यावर अक्षरं उठून दिसतात, म्हणजे पोलादात ती कोरलेली असतात, आणि उलटी. नवं अक्षर कोरणं सोपं, पण कोरलेलं पुसता येत नाही. तेवढा भाग कापून तिथे नवा तुकडा बसवावा लागतो. कितीही घट्ट बसवला तरी त्याची कड मालावर उमटते. डाय एकाकडून दुसऱ्याकडे गेला की असं करतात.

त्या संध्याकाळी मला एक शास्त्र मिळालं. एकाच साच्यातला माल कोणता आणि नक्कल कोणती, हे व्हर्निअरने कळतं. तयार खेळण्यावरून कोणी नवा साचा केला, तर त्यातलं प्लास्टिक गार होताना पुन्हा आकसतं. पॉलिस्टायरीन अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं, म्हणजे शंभर मिलिमीटरच्या यानाची नक्कल साधारण साडेनव्व्याण्णव भरते. मात्र तुलना एकाच प्लास्टिकची हवी, कारण पॉलिथिन त्याच्या कितीतरी पट आकसतं. आणि प्लास्टिक कोणतं हे कसं ओळखायचं? सुटलेला भरीव तुकडा पाण्यात टाका. पॉलिथिन तरंगतं, पॉलिस्टायरीन बुडतं. सर, तुमचा आर्किमिडीज अजून वापरात आहे.

पुढे तीन वर्षांनी तसंच दुसरं यान मिळालं. मापं जुळली. पंखाखालचा एक बारीक ओरखडाही तोच, म्हणजे डाय तोच. आणि त्या चौकोनाच्या जागी दोन अक्षरं होती. मी नाचायची बाकी राहिले! शोधल्यावर कळलं, ती अक्षरं माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याची. बाबांना फोन केला तर हसले. “डाय करणाऱ्याचं नाव डायवर कशाला असेल?”

आता जे बोलायला खरं तर इथे उभी आहे, ते बोलते.

नववीत मराठीच्या बाईंनी ‘माझे वडील’ हा निबंध दिला होता. माझा निबंध वर्गात वाचून दाखवला गेला, काहींना आठवत असेल. त्यात मी लिहिलं होतं की माझे वडील मोठ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. ते खोटं होतं. माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका लहान शेडमध्ये डाय फिटर होते. बादल्या, डबे, कंगवे, झाकणं यांचे डाय कानशीने आणि पॉलिश पेपरने हातांनी जुळवायचे. त्यांच्या नखांतला काळा रंग रविवारीसुद्धा निघायचा नाही, आणि पालकसभेला ते आले की मी त्यांच्यापासून चार पावलं लांब चालायचे. मजा म्हणजे उलटी अक्षरं ते सुलट्याइतकी भराभर वाचायचे. लहानपणी त्यांनी मला माझं नाव उलटं लिहायला शिकवलं होतं. ती गोष्ट निबंधात लिहिली असती तर निबंध निदान खरा झाला असता.

ती वही त्यांनी जपून ठेवली आहे. म्हणजे त्यांनी ती वाचली आहे. तीस वर्षांत या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही नाही.

मी पंधरा वर्षं हाँगकाँगच्या अनोळखी कारागिरांची नावं शोधत फिरले. घरातल्या कारागिराचं नाव मी स्वतःच पुसलं होतं, आणि त्या जागी बसवलेल्या तुकड्याची कड मला रोज दिसत होती.

बाई, तुम्ही इथे बसला आहात. त्या निबंधाला दहापैकी नऊ गुण दिले होते, ते परत घ्या. आणि या स्मरणिकेत माझ्या नावापुढे एवढं छापावं, अशी संयोजकांना विनंती आहे : वडिलांचा व्यवसाय, डाय फिटर. बाबा आज सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, घरी आहेत. स्मरणिका छापून आली की पहिली प्रत मी त्यांच्या हातात देणार आहे. काय म्हणतील ते माहीत नाही. बहुतेक आधी उलटी करून मागचं पान बघतील.

तुमच्या माळ्यावर एखादं जुनं प्लास्टिकचं खेळणं असेल तर टाकू नका. एकदा उलटं करून बघा. आणि टाकायचंच असेल तर मला द्या, कपाटात अजून एक कप्पा रिकामा आहे.