मारखाच्या वाटेवरचे पाणी

लडाखमधल्या मारखा खोऱ्याचा ट्रेक महाराष्ट्रातल्या डोंगरवेड्या मंडळींना आता नवा राहिलेला नाही. झिंगचेनहून निघायचे, रुंबक गावावरून गांदा ला ही खिंड चढायची, पलीकडे स्क्यू, मारखा, हांकर अशी गावे घेत निमालिंगच्या कुरणावर पोहोचायचे, आणि 5,000 मीटरहून उंच असलेली कोंगमारू ला ओलांडून हेमिसच्या बाजूला उतरायचे, असा हा साधारण आठवडाभराचा मार्ग. या प्रदेशाची वर्णने वाचली तर तीच विशेषणे पुन्हा पुन्हा भेटतात: ओसाड, निर्जन, चंद्रावरच्यासारखा. मला ही विशेषणे चुकीची वाटतात, आणि त्यांच्यापोटी आपले वागणेही चुकते असे वाटते. जागा रिकामी आहे असे एकदा मानले, की तिथे आपण किती जण जातो, कधी जातो, काय वापरतो, याचा विचार करण्याची गरज उरत नाही. प्रत्यक्षात मारखाच्या वाटेवरचे प्रत्येक हिरवे शेत कुणीतरी मोजून आणलेल्या पाण्यावर उभे आहे. त्या मोजमापात बसेल इतकेच आणि बसेल तसेच आपण तिथे चालावे, एवढेच आज मला मांडायचे आहे.

आधी पावसाचा आकडा पाहू. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर, हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे. तिथे वर्षभरात पडणारा पाऊस आणि बर्फ मिळून पाणी भरते सुमारे 100 मिलिमीटर. महाबळेश्वरला पावसाळ्यातल्या एखाद्या दिवसातच तेवढा पाऊस होऊन जातो. म्हणजे लडाखची शेती पावसावर होतच नाही. ती होते वरच्या हिमनद्यांच्या आणि साठलेल्या बर्फाच्या वितळत्या पाण्यावर. ओढ्यातून पाट काढून ते पाणी गावात आणतात, रात्रभर वाहणारे पाणी झिंग नावाच्या तळ्यात अडवतात आणि दिवसा शेतांना सोडतात. कोणत्या शेताला आधी, कुणाला किती वेळ, हे ठरवायला गावाने नेमलेला छुरपोन असतो आणि त्याचा शब्द चालतो. विसाव्या शतकाच्या आरंभी महसुली बंदोबस्त झाला तेव्हा गावोगावच्या या पाणीवाटपाच्या रिवाजांची रीतसर नोंद करण्यात आली. तो दस्तऐवज ‘रिवाज-ए-आबपाशी’ या नावाने ओळखला जातो आणि पाण्याचे तंटे सोडवताना त्याचा आधार घेतला जातो. हे रिवाज बौद्ध गावांत आहेत तसेच मुसलमान गावांतही आहेत.

लडाखच्या ज्या तिबेटी वळणाच्या संस्कृतीचे आपल्याला आकर्षण वाटते, तिची मुळेही पुष्कळ अंशी या पाण्यापर्यंत पोहोचतात. झऱ्यात आणि जमिनीत ‘लू’ नावाच्या नागदेवता राहतात, पाणी विटाळले तर त्या कोपतात आणि आजार पाठवतात, अशी तिथली श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी बांधलेली छोटी देवळे झऱ्यांजवळ दिसतात. पूर्वी लडाखी बौद्धांमध्ये भावाभावांनी मिळून एकच पत्नी करण्याची चाल होती. 1941 साली कायद्याने तिला बंदी आली. त्या चालीमुळे घराची जमीन वाटली जात नसे आणि लोकसंख्या आटोक्यात राही. नव्या शेताला पाणीच नसेल तर जमिनीचे तुकडे पाडून कुणाचे पोट भरणार? तो रिवाज चांगला होता असे मी म्हणत नाही, आणि स्त्रियांच्या बाजूने पाहता त्यावर पुष्कळ बोलता येईल. पण कुटुंबाची घडण ठरवण्यापर्यंत पाण्याची सत्ता तिथे चालत होती, हे त्यावरून दिसते.

या व्यवस्थेतला सगळ्यात नाजूक काळ म्हणजे एप्रिल-मे. पेरणीसाठी पाणी हवे असते, आणि उंचावरची हिमनदी अजून पुरती वितळायला लागलेली नसते. चेवांग नोर्फेल या लडाखी अभियंत्याने आयुष्य घातले ते नेमक्या या अडचणीत. हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी त्यांनी गावाजवळच्या सावलीच्या उतारावर वळवले, दगडी बांधांमागे थबकवले आणि थराथराने गोठवले. हा बर्फ मूळ हिमनदीपेक्षा बराच खाली असल्यामुळे आधी वितळतो आणि पेरणीला उपयोगी पडतो. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांच्या बर्फाच्या स्तूपामागेही हाच विचार आहे. शंकूच्या आकारामुळे बर्फाचा कमी पृष्ठभाग उन्हाला सापडतो आणि तो जास्त दिवस टिकतो. तरीही सगळीकडे उपाय सापडतोच असे नाही. लडाखच्याच झंस्कर भागातल्या कुमिक गावाचे पाणी आटत गेले, आणि त्या जुन्या गावातल्या घरांवर खाली नदीच्या बाजूला नव्याने वसण्याची वेळ आली.

आता यात आपला भार किती, ते पाहू. 1974 साली लडाख परदेशी पर्यटकांना खुले झाले तेव्हा येणारे थोडे होते. 2022 साली पाहुण्यांची संख्या पाच लाखांच्या वर गेली. 2011 च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. कुणी म्हणेल, हा भार लेहमधल्या हॉटेलांचा आणि गाड्यांतून पँगाँगला जाणाऱ्यांचा आहे. पाठीवर पिशवी घेऊन चालणारा माणूस दोन-तीन लिटर पाणी पितो, त्याचे काय एवढे? यात तथ्य आहे. पायी जाणारा माणूस गाडीतल्या पाहुण्यापेक्षा कमी ओझे टाकतो, हे मान्यच करायला हवे. पण तोही हवेशी जुळवून घेण्यासाठी दोन-तीन दिवस लेहलाच काढतो, रोज अंघोळ करतो, आणि पाण्याचा संडास मागतो. लडाखी घरात वरच्या मजल्यावर कोरडा संडास असतो. त्यात माती आणि राख टाकतात आणि वर्षाअखेरी त्याचे खत शेतात जाते. पाण्याचा एक थेंबही न लागणारी ही सोय पाहुण्यांच्या आग्रहाखातर हळूहळू बाजूला पडते आहे. शिवाय तंबू, गॅस, धान्य असे सामान वाहणारे घोडे निमालिंगला चरतात ते गावाच्या याक-मेंढ्यांच्या कुरणावरच. स्तोक कांगरीचे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. सहा हजार मीटरवरचे सोपे शिखर म्हणून तिथे इतकी गर्दी झाली की 2020 पासून ते चढाईसाठी बंद करावे लागले. त्याच डोंगरावरून उतरणारे पाणी खालचे स्तोक गाव पिते.

मग जाऊच नये का? मी तसे म्हणणार नाही, कारण रुंबकचा अनुभव वेगळे सांगतो. तिथे पूर्वी हिमबिबट्या कोंडवाड्यात शिरून एका रात्रीत अनेक शेळ्यामेंढ्या मारत असे, आणि लोक चिडून त्याचा जीव घेत. गेल्या दोन दशकांत स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सीच्या मदतीने तिथल्या घरांनी ट्रेकर्सना मुक्कामाला ठेवायला सुरुवात केली. पाहुणे पाळीपाळीने वेगवेगळ्या घरांत पाठवले जातात, त्यामुळे एकाच घराची भरभराट होत नाही. पैसा बहुतेक घरातल्या बाईच्या हाती येतो. हिमबिबट्या पाहायला माणसे येतात म्हटल्यावर त्याच्याकडे पाहण्याची नजरही बदलली. अशा मुक्कामात वेगळे तंबू लागत नाहीत, सामानाचे घोडे कमी होतात, सातूच्या पिठाचे आणि गावच्या भाजीचे जेवण होते आणि कोरडा संडास वापरात राहतो. पाणी किती वापरायचे हे घरमालकीणच ठरवते, आणि मला वाटते यातच खरा फरक आहे. तळावर आपला हिशेब आपण करतो. घरात तो तिचा असतो.

दुसरी तक्रार नेहमी ऐकू येते ती रस्त्यांबद्दल. मारखा खोऱ्यात गाडीरस्ता आत आत सरकला आहे, आणि झंस्करमध्ये निम्मू ते पदुम ते दारचा हा रस्ता 2024 मध्ये जोडला गेला. आता ट्रेक संपला, असे खेदाने म्हटले जाते. या खेदात मला सहभागी होता येत नाही. गोठलेल्या झंस्कर नदीवरून, ज्याला आपण चादर ट्रेक म्हणतो त्या वाटेने, तिथली माणसे शतकानुशतके गेली ती गरजेपोटी. लोणी विकायला, मुलांना लेहच्या शाळेत पोहोचवायला दुसरा मार्गच नव्हता. बाळंतिणीला वेळेवर दवाखान्यात नेणारा रस्ता आपल्या चार दिवसांच्या आनंदासाठी नको म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? पायी चालण्याचे कारण रस्त्यामुळे नाहीसे होत नाही. पाट कुठून फुटतो, झिंग कुठे आहे, शेवटच्या शेताला पाणी पोहोचते का, हे गाडीच्या खिडकीतून दिसत नाही.

महाराष्ट्रातल्या ट्रेकिंग मंडळांना हे समजायला अवघड जाऊ नये. चैत्र-वैशाखात गडावर पोहोचून कातळातल्या टाक्यात तळाशी राहिलेले पाणी ज्याने पाहिले आहे, तो त्या टाक्यात पाय बुडवत नाही. तीच जाण उत्तरेला नेताना मात्र आपण तुकड्या वाढवतो. रुंबकमध्ये बोटांवर मोजता येतील एवढी घरे आहेत. चाळीस जणांची तुकडी तिथे मावत नाही, म्हणून ती तंबू आणि घोडे घेऊन निघते. आठ-दहा जणांनी जावे, घरांत उतरावे. आणि शक्य असेल तर जुलै-ऑगस्ट सोडून सप्टेंबरमध्ये जावे. तेव्हा सातूची कापणी होत आलेली असते, शेतांची पाण्याची मागणी कमी झालेली असते आणि खिंडी उघड्या असतात. गणपतीचे दिवस मध्ये येतात हे खरे, पण विसर्जन आटोपून निघालेल्या तुकडीलाही बहुतेक वर्षी कोंगमारू ला मोकळी सापडते.