ल्यूसर्न येथील एक दिवस

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

प्रवासवर्णन करण्याचा माझा अधिकार फारच थोडा आहे. ३४ वर्षें मीं कोंकणांतील आमच्या गांवच्या शाळेंत भूगोल शिकविला. स्वित्झर्लंडचा धडा आला म्हणजे नकाशावर काठी ठेवावयाची, 'डोंगराळ देश, मुख्य धंदे घड्याळें व दुधाचे पदार्थ' एवढें सांगावयाचें आणि पान उलटावयाचें, हा माझा परिपाठ. त्या देशांत आपण कधीं पाऊल ठेवूं असें स्वप्नांतहि आलें नव्हतें. परंतु माझा मुलगा नोकरीनिमित्त झुरिकजवळ राहतो. गेल्या वर्षीं मे महिन्यांत त्यानें आग्रह करून आम्हां उभयतांस तिकडे नेलें. त्याची ही परदेशची नोकरी मला पहिल्यापासून रुचली नव्हती. 'परक्याची चाकरी ती परक्याची चाकरी' असें मी त्याला वेळोवेळीं ऐकवीत असें, आणि तो कधीं उलट उत्तर देत नसे. हें आरंभींच सांगून ठेवतों. कारण पुढील हकीकतीशीं त्याचा संबंध आहे.

एका रविवारीं सकाळीं आम्ही ल्यूसर्न पाहावयास निघालों. झुरिकहून आगगाडीला तासभरहि लागत नाहीं. स्टेशन सरोवराच्या अगदीं कांठाशीं आहे. बाहेर येतांच पटांगणांत एक भव्य दगडी कमान एकटीच उभी असलेली दिसते. तें जुन्या स्टेशनाचें प्रवेशद्वार. सन १९७१ मध्यें तें स्टेशन आगींत सांपडलें. पुढें नवें बांधलें, पण वांचलेली कमान लोकांनीं तशीच राखली.

समोर सरोवर पसरलेलें होतें. त्याच्या जर्मन नांवाचा अर्थ 'चार अरण्यप्रांतांचें सरोवर' असा आहे. तें एकसंध वाटोळें नसून हाताच्या बोटांप्रमाणें डोंगरांच्या फटींत शिरलेलें आहे. कांठाशीं राजहंस निर्धास्तपणें पोहत होते. नैर्ऋत्येस पिलाटस पर्वत उभा होता. त्याची उंची २,१२८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षां सुमारें ४८० मीटर अधिक. त्याच्यावर सन १८८९ पासून दांतेरी चाकांची आगगाडी चढते. या जातीच्या गाड्यांत इतका उभा चढ जगांत दुसऱ्या कोणत्याहि गाडीस नाहीं. आमच्या मंडळींनीं तो चढ लांबूनच पाहून हात जोडले, त्यामुळें तो बेत तेथेंच राहिला.

सरोवरांतून रॉइस नदी बाहेर पडते ती शहराच्या मधोमध. तिच्यावर ल्यूसर्नचा सुप्रसिद्ध लांकडी पूल तिरपा टाकलेला आहे. तो चौदाव्या शतकांतील असून २०० मीटरांहून लांब आहे. वर कौलारू छप्पर, दोन्ही बाजूंस फुलांच्या कुंड्या. मुळांत हा शहराच्या तटबंदीचाच भाग होता, शत्रूनें सरोवराच्या बाजूनें येऊं नये म्हणून बांधलेला. पुलाला लागून पाण्यांतच एक अष्टकोनी बुरूज आहे. तो पुलाहूनहि जुना आहे. त्यानें कधीं तुरुंगाचें, कधीं खजिन्याचें, तर कधीं दप्तरखान्याचें काम केलें.

पुलाच्या आढ्याखालीं सतराव्या शतकांत त्रिकोणी फळ्यांवर चित्रें काढून बसविलेलीं होतीं. शहराचा इतिहास आणि त्याच्या रक्षणकर्त्या संतांच्या कथा हा त्यांचा विषय. सन १९९३ च्या ऑगस्टमध्यें एका रात्रीं पुलाला आग लागली, आणि त्यांतील बहुतेक चित्रें जळालीं. शहरानें आठ महिन्यांच्या आंत पूल पुन्हां उभा करून रहदारीस मोकळा केला. पण मधल्या भागांत वर पाहावें तों कित्येक चित्रांच्या जागा मोकळ्याच आहेत. मी त्या रिकाम्या त्रिकोणांखालीं बराच वेळ उभा राहिलों. जें गेलें त्याची जागा तरी दिसते आहे, असें तेव्हां मनांत आलें.

प्रवाहाबरोबर थोडें खालीं गेलें म्हणजे दुसरा लांकडी पूल लागतो. त्याच्या नांवाचा अर्थ कोंड्याचा पूल. धान्याचा कोंडा व पालापाचोळा नदींत टाकावयाचा तो याच पुलावरून, कारण प्रवाहांत हा सर्वांत खालचा. वरून टाकल्यास गांवाचें पाणी घाण व्हावयाचें. या पुलावर मेगलिंगर नांवाच्या चित्रकारानें सन १६२६ ते १६३५ या काळांत मृत्यूच्या नृत्याची चित्रमाला रंगविली. हाडांचा सांपळा झालेला मृत्यु एकामागून एक सर्वांच्या भेटीस येतो. रावापासून रंकापर्यंत कोणी सुटत नाहीं. आपल्याकडे कीर्तनकार जें पूर्वरंगांत सांगतात तेंच येथें बाजारास जातां-येतां लोकांच्या डोक्यावर टांगलेलें आहे. जवळच नदींत एक जुना बांध आहे. त्यांतील लांकडी खांबकांड्या हातांनीं काढून अथवा घालून सरोवराच्या पाण्याची पातळी राखतात. ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे.

नंतर आम्ही मुझेग नांवाच्या तटाकडे चढलों. या जुन्या तटाची सुमारें ८७० मीटर भिंत व नऊ बुरूज आजहि उभे आहेत. एका बुरुजांत सन १५३५ चें घड्याळ आहे. तें वयानें सर्वांत वडील, म्हणून शहरांतील इतर घड्याळांच्या एक मिनिट आधीं ठोके देण्याचा मान त्यास आहे. मधल्या सुटीची घंटा एक मिनिट आधीं व्हावी म्हणून ३४ वर्षें माझ्याकडे पाहत बसलेल्या मुलांची मला तेथें फार आठवण झाली. तटावरून खालचीं लाल कौलें आणि सरोवराचें निळें पाणी पाहत आम्हीं घरून आणलेल्या दशम्या सोडल्या.

दुपारीं मुलगा म्हणाला, "अण्णा, आतां सिंह पाहूं." शहराच्या ईशान्येस एक जुनी दगडाची खाण आहे. तिच्या उभ्या कड्यांतच हा सिंह कोरलेला आहे. लांबी सुमारें १० मीटर, उंची सुमारें ६. पुढें लहानसें तळें आहे, वर झाडांची सावली आहे. सिंहाच्या कुशींत मोडलेला भाला रुतला आहे. तो मरत आहे, आणि मरतांमरतांहि त्याचा पंजा एका ढालीवर आहे. त्या ढालीवर फ्रान्सच्या राजघराण्याचें कमलचिन्ह आहे. डेन्मार्कचा शिल्पकार थोरवाल्डसेन यानें नमुना तयार केला व लूकास आहोर्न या कारागिरानें सन १८२० - २१ मध्यें तो खडकांत उतरविला.

याची कथा अशी. पूर्वीं स्वित्झर्लंड हा दरिद्री देश होता. डोंगरांत शेतें थोडीं, घरांत पोरें फार. म्हणून तेथील तरुण शेंकडों वर्षें परक्या राजांच्या फौजांत पगारी शिपाई म्हणून जात. राजांशीं करार करून देणारीं मोठीं घराणीं त्यावर गबर होत. सन १७९२ च्या १० ऑगस्ट रोजीं पॅरिसच्या क्रांतिकारक जमावानें राजवाड्यावर चाल केली. राजा सोळावा लुई कुटुंबासह आधींच विधिमंडळाच्या आश्रयास गेला होता. रिकाम्या वाड्यासाठीं हे स्विस शिपाई लढत राहिले. शेवटीं शस्त्रें खालीं ठेवण्याचा राजाचा हुकूम आला, आणि त्यानंतरहि कित्येकांची कत्तल झाली. त्या पलटणींतील एक अधिकारी त्या दिवसांत रजेवर ल्यूसर्नला घरीं होता, म्हणून वांचला. त्याच्याच खटपटीनें पुढें हें स्मारक झालें. लोकशाहीची चाड असलेल्या लोकांनीं त्या वेळीं त्यास विरोधहि केला. राजाच्या चाकरांचा गौरव कशाला, असें त्यांचें म्हणणें. पुढें सन १८४८ च्या राज्यघटनेनें परक्या राजांशीं असे लष्करी करार करण्याची बंदी झाली.

मला मात्र तेथें शनिवारवाडा आठवला. याच्या १९ वर्षें आधीं, सन १७७३ च्या ३० ऑगस्ट रोजीं, नारायणराव पेशव्यांचा खून त्यांच्याच पगारी गारद्यांनीं केला. हा धडा शिकवितांना मी नेहमीं म्हणें, "मुलांनो, पगारासाठीं ज्यानें परक्याची तरवार धरली त्याचें इमान कोठलें!" आतां समोर कड्यावर लॅटिन अक्षरांत 'स्विस लोकांच्या निष्ठेस व शौर्यास' असें कोरलेलें होतें. माझें तें वाक्य मला तेथें गिळावें लागलें.

सिंहाच्या खालीं अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांच्याबरोबर रोमन लिपींत दोन आंकडे आहेत. मीं मास्तरकीच्या संवयीनें ते मुलास वाचून दाखविले : पडले ते ७६०, वांचले ते ३५०.

"आणि शिपायांचीं नांवें, अण्णा?" त्यानें विचारलें.

"त्यांचे हे आंकडेच."

तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "आपल्या चावडीपुढच्या दगडावर तरी काय आहे?"

श्रोतेहो, आमच्या चावडीपुढें एक संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या आपल्याकडे पुष्कळ गांवीं आढळतात. सन १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गांवांतून ४२ माणसें गेलीं व त्यांपैकीं ३ मरण पावलीं, एवढाच तिच्यावर मजकूर. त्या तिघांपैकीं एक माझे चुलत आजोबा. ते बसऱ्यास गेले ते परत आले नाहींत, एवढें घरांत सर्वांस ठाऊक. तेहि परक्याच्याच चाकरीस गेले होते, आणि घरच्या दाण्यासाठीं गेले होते. त्यांस कधीं कोणी नांवें ठेविलीं नाहींत. मीं मुलाला मात्र ठेविलीं. शिवाय उरलेले दोघे कोण, हें मला सांगतां येईना. ३४ वर्षें मी रोज त्या दगडावरून शाळेंत गेलों, रोज वर्गांत एकेका मुलाचें नांव घेऊन हजेरी घेतली, आणि त्या दोघांविषयीं एकदांहि कोणास विचारलें नाहीं.

संध्याकाळीं आम्ही चाकांच्या जुन्या आगबोटींतून सरोवरावर तासभर हिंडलों. डोंगरांवर ऊन उतरत होतें. मुलाच्या शेजारीं बसून मीं त्याला त्याच्या कामाविषयीं विचारलें. किती वाजतां जातोस, हाताखालीं कोण आहे, काम कसलें असतें. सहा वर्षांत मीं हें प्रथमच विचारलें होतें. तो बोटीचा प्रवास संपेपर्यंत सांगत होता.

गांवीं परत आल्यावर मीं शाळेचें जुनें जनरल रजिस्टर काढविलें. शाळा सोडल्याचें कारण या रकान्यांत सन १९१६ च्या एका नोंदीपुढें 'लष्करांत गेला' असें बोरूनें लिहिलेलें सांपडलें. त्या मुलाच्या घरच्यांचा पत्ता काढला. तोहि परत आला नव्हता. तिसऱ्याचें नांव रजिस्टरांत नाहीं. असणारहि नाहीं, असें आतां वाटतें. त्या काळीं आमच्या शाळेचा उंबरठा गांवांतील सर्वांच्याच मुलांना ओलांडतां येत नव्हता. म्हणून पुढील रविवारीं मी गांवकुसाबाहेरच्या जुन्या वस्तींत जाणार आहें. तेथें नव्वदी उलटलेल्या एक आजीबाई आहेत. त्यांना वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या पुष्कळ गोष्टी आठवतात, असें कळलें आहे.

आपल्याहि गांवीं अशी पाटी असेल, तर तिच्यापुढें क्षणभर थांबून एवढें विचारून पाहा, कीं हे कोण. सांगणारे आतां फार थोडे उरले आहेत.