धुळ्याची पेठ



दीपनगरात येऊन मी धुळ्याविषयी का बोलतो, असे आपल्याला वाटेल. आपली वसाहत वीज केंद्रासाठी वसली. धुळ्याची पेठ कचेरीसाठी वसली. नाते एवढेच, पण ते जवळचे आहे.

धुळ्याची जुनी पेठ मोठ्या दुकानांनी आणि मोबाईलवरच्या खरेदीने मारली, असे आग्रा रोडवर कोणीही सांगेल. ते खोटे नाही, परंतु मला अपुरे वाटते.

हे गाव एकदा खरोखरच ओस पडले होते. 1803 च्या दुष्काळात लोक घरेदारे टाकून निघून गेले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंतांनी ते पुन्हा वसवले. 1818 मध्ये खानदेशात इंग्रजी अंमल आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने मुख्य ठाण्यासाठी धुळे निवडले. 1819 साली येथे घरे होती 401 आणि माणसे 2,509. ब्रिग्जने बाहेरगावचे व्यापारी बोलावले, घर बांधणाऱ्यांना बिनभाड्याने जागा दिली, वर बांधकामाला उचलही दिली. सरळ गल्ल्या पडल्या. अजूनही धुळेकर पाचवी गल्ली, सहावी गल्ली असा नुसता आकडा सांगून पत्ता देतो. ब्रिग्जला धुळ्याचा लळा लागला होता असे समजू नका. त्याला महसूल हवा होता. पण माणसाला आधी येण्याचे कारण लागते आणि दुकान त्याच्या मागून येते, हे त्याने ओळखले होते.

पुढे ही कारणे एकेक करून उठत गेली. 1906 मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि पूर्वेकडचा पक्षकार जळगावला वळला. 1998 मध्ये नंदुरबार वेगळे झाले. शहाद्याचा शेतकरी कचेरीच्या कामाला येई आणि जाताना लुगडे, भांडे, औषध घेऊन जाई. त्याचे ते येणे संपले. विभागणी चुकली असे मी म्हणत नाही. अक्कलकुव्याच्या माणसाचा हेलपाटा वाचला, हे मोठेच काम झाले. महामार्ग गावाबाहेरून गेला, पांझरेपलीकडे देवपुरात कॉलेजे आणि घरे वाढली.

आणखी एक गोष्ट आपण बोलत नाही, ती भाड्याची. 1947 च्या कायद्याने शहरांतली जुनी भाडी गोठली. 1999 च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण गोठलेल्या रकमेवर चार टक्के म्हणजे किती? मालक कौले बदलीत नाही, भाडेकरू जागा सोडीत नाही. मग खाली दुकान, वर कुलूप आणि रात्री आठनंतर गल्लीत शुकशुकाट.

अशा पेठेला दर्शनी रंग देऊन काय होणार? वरचा मजला राहता झाला पाहिजे. त्यासाठी मालक-भाडेकरूंनी दुरुस्तीचा खर्च वाटून घ्यावा आणि नगरसंस्थेने ब्रिग्जसारखी उचल द्यावी. येण्याची कारणेही टिकवली पाहिजेत. इतिहासाचार्य राजवाड्यांचे दप्तर जपणारे मंडळ 1927 पासून धुळ्यात आहे. कागद पाहायला अभ्यासक दुरून येतात. त्याला मुक्कामाला, जेवायला जुन्या गल्लीत जागा का नसावी?

आणि पुढच्या खेपेला एखादे कार्यालय गावाबाहेर न्यायचा ठराव येईल तेव्हा सभासदांना एवढे तरी विचारा, की तेथे रोज किती माणसे येतात, आणि काम आटोपल्यावर ती चहा कोठे पितात.