मुंजा, हडळ आणि आपल्या विहाराची भिंत
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कमिटीने मला झाडांबद्दलच्या अंधश्रद्धांवर बोलायला सांगितले. मी काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीतला कामगार, जे वाचले ते रातपाळी सांभाळून वाचले. तेव्हा बोलणे साधेच राहील.

विहाराच्या मागच्या भिंतीत पिंपळ उगवलाय, तो सर्वांनी पाहिला आहे. अंगठ्याएवढा झाला, भिंतीला चीर गेली, पण हात लावायला कोणी तयार नाही. एक म्हणतो, पिंपळावर मुंजा असतो, उपटला तर घरावर येईल. दुसरा म्हणतो, हा बोधिवृक्ष आहे, भगवंताच्या इच्छेने आपोआप आला. गेल्या ज्येष्ठ पौर्णिमेला तर त्याला कोणीतरी दोरा गुंडाळला होता! वड सापडला नाही म्हणून पिंपळ. श्रीलंकेत याच पौर्णिमेला महेंद्र थेर धम्म घेऊन आले म्हणून उत्सव करतात, आणि आपण सात जन्मांचा हिशेब करतो.

आधी मुंज्याचा निकाल लावू. मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधी मेलेला मुलगा, त्याचे भूत म्हणजे मुंजा. आता सांगा, आपल्या वाडवडिलांत कोणाची मुंज झाली होती? जानवे राहू द्या, पाणवठ्याला शिवू देत नव्हते. जो बटू जिवंतपणी आपल्या वस्तीत पाऊल टाकत नव्हता, तो मेल्यावर बरा मुक्कामाला येतो! (हशा)

चिंचेवरची हडळ मात्र हसण्यावारी नेऊ नका. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते म्हणतात. म्हणजे बाई मेली रक्त जाऊन, तापाने, दवाखाना लांब म्हणून. आणि मेल्यावर दोषही तिच्याच माथी. ओल्या बाळंतिणीला ताप चढला, ती बडबडायला लागली, की "चिंचेखालून गेली असेल" म्हणून लिंबू उतरवत बसतात. तो ताप जंतूंचा असतो. त्या एका रात्रीत जीव जातो. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणे, मारणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. घरात बाळंतीण असेल तर एवढे तरी ध्यानात ठेवा.

उंबराचे फूल दिसले तर भाग्य उजळते म्हणतात. उंबर फोडून बघा, फुले आतच असतात. बारीक किडे आत शिरतात, त्यांच्यामुळे बी धरते. पिंपळाचेही तसेच. पाखरे फळ खातात, विष्ठेतून बी भेगेत पडते, ओल मिळाली की रुजते. म्हणून तो देवळावर उगवतो, मशिदीवर उगवतो, बंद गिरणीच्या धुराड्यावरही उगवतो. शिकलेली पोरे सांगतात, पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो. अरे बाबांनो, त्याला ऊन लागते!

आता बोधिवृक्षाचे. सुजाता खीर घेऊन आली ती कशाला? वडाला केलेला नवस फेडायला. निदानकथेत आहे की सिद्धार्थाला पाहून तिला वाटले, वृक्षदेवताच प्रकटली. पण खाली बसला होता तो उपासाने खंगलेला माणूस. त्याने खीर खाल्ली, मग पिंपळाखाली बसून स्वतःच्या प्रयत्नाने ज्ञान मिळवले. पिंपळाने सावली दिली. त्याबद्दल कृतज्ञता जरूर ठेवू, पण नवस कशाला? भ्यालेली माणसे डोंगराला, झाडाला शरण जातात, ते शरण खरे नव्हे, असे धम्मपदात स्पष्टच आहे.

बुद्धगयेचे जुने झाड 1876 साली पडले. 1881 मध्ये कनिंगहॅम साहेबांनी तिथे रोप लावले. त्याच्या कितीतरी आधी, सम्राट अशोकाच्या काळात, संघमित्रेने बोधिवृक्षाची फांदी समुद्रापार अनुराधपूरला नेली. ती तिथे रुजली, ते झाड आजही उभे आहे. तिने समुद्र ओलांडला, आपल्याला मैदानापर्यंत वीस पावले न्यायचे आहे.

पहिला चांगला पाऊस झाला की त्या रविवारी सकाळी सात वाजता या. भिंतीतले मूळ जपून सोडवू, पाने छाटू, आणि भिंतीपासून लांब, मैदानाच्या कोपऱ्यात लावू. पिंपळ चिवट असतो, बहुतेक धरेल. नाही धरला तर दुसरे रोप आणू. चिरेत सिमेंट भरायला गवंडी बोलावलाय, त्याची मजुरी कमिटी देणार आहे. पहार माझ्याकडे आहे, घमेली दोन-तीन लागतील, ती घेऊन या.

जयभीम.